भरल्या गाडीचं माप

घाटकोपरला आग्रा रोडवर सहदेव पाताड्याच्या गाळ्यासमोरून जाताना जरा जपून जावं लागे. गाड्यांपासून नव्हे, सहदेवापासून. तुम्ही आपले चपलेचा अंगठा नीट करायला क्षणभर थांबलात की आतून हाक यायची, "ओ शेठ, घाई आहे का? दोन मिनिटं बसा ना." माणूस बसायला खुर्ची शोधतोय तोवर सहदेव त्याला एखाद्या फियाटच्या मागच्या सीटवर ढकलून मोकळा. शेजारी न्हावी आधीच बसलेला, पुढे शिंपी आणि स्टेअरिंगवर चहावाला. चौघं भरले की सहदेव गुडघे टेकायचा, गाडीखाली डोकं घालायचा आणि पट्टी लावून माप घ्यायचा. मग प्रत्येकाला एक कटिंग. न्हावी, शिंपी आणि चहावाला हे तर कायमचेच, त्यांना सगळा रस्ता "सहदेवाची वजनं" म्हणत असे. न्हाव्याचं गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून खुर्चीत वाट बघत बसलं तरी बेहत्तर, पण वजनाला बोलावणं आलं की न्हावी उठणार म्हणजे उठणार.

सहदेव कमानवाला होता. ट्रकच्या, टेंपोच्या, टॅक्सीच्या मागच्या चाकांवर वाकवलेल्या पोलादी पाट्यांची कमान असते ना, एकाखाली एक रचलेली, ती सोडवायची, तुटका पाटा बदलायचा, बसलेली कमान पुन्हा उठवायची, हा त्याचा धंदा. कणकवलीकडून सतराव्या वर्षी आला, कुर्ल्याला एका सरदारजीकडे बारा वर्षं घण मारला आणि मग इथे पत्र्याचं छप्पर टाकून स्वतःची ऐरण मांडली. घणाच्या आवाजाने डावा कान गेला. उजवा मात्र असा तयार की विचारू नका. पाट्यावर हातोडीची टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "फुटलाय. बोल्टच्या भोकापाशी." बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसायचं नाही. मग तो रॉकेलचं फडकं फिरवी, वर खडूची पूड चोळी, आणि केसाएवढी भेग काळी होऊन वर यायची.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "रिकामी गाडी खोटं बोलते." गाडी काय रिकामी फिरवायला घेतलीय? माणसं बसणार, बोचकी येणार, तेव्हा ती जिथे उभी राहील ते माप खरं. रिकाम्या गाडीला पट्टी लावणाऱ्या मिस्त्रीला तो मिस्त्रीच मानत नसे. "उपाशीपोटी काय, सगळेच बारीक दिसतात," म्हणायचा. तिरसट होता, मान्य आहे. पण त्याने बसवलेली कमान कधी वाटेत तुटली असं आग्रा रोडवर कोणी सांगितलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

आता सगळी दुनिया त्याच्याकडे गाडी वर उचलायला यायची. खड्डे मुंबईचे, सामान जास्त, गाड्या बसायच्याच. गाडी खाली घ्यायला म्हणून आयुष्यात एकच गिऱ्हाईक आलं होतं. चंद्रप्रकाश नावाचा, स्टेशनजवळच्या एका कापडवाल्याचा मुलगा. नवी मिशी, काळा चष्मा, बापाची फियाट.

"अंकल, गाडी एकदम जमिनीला चिकटली पाहिजे. झकास दिसली पाहिजे."

"चार दिवस लागतील."

"चार दिवस? तिकडे एक जण तासात करतो, तेही निम्म्यात."

"मग तिकडेच जा ना बाबा. मी काय तुला आमंत्रण दिलं होतं?"

गेला. त्या तासवाल्या पठ्ठ्याने पुढच्या स्प्रिंगांना गॅसची ज्योत लावली, लाल केल्या, गाडी आपोआप खाली बसली. महिन्याभराने चंद्रप्रकाश परत आला तेव्हा गाडी एका अंगावर लंगडत होती, टायर मडगार्डला घासून जळका वास सुटला होता आणि काळा चष्मा खिशात गेला होता. सहदेवाने आधी पोटभर शिव्या घातल्या, मग चहा पाजला, मग गाडी घेतली. "पोलादाला पाणी असतं बाबा," तो म्हणाला. "ज्योत लावलीस की ते पाणी मेलं. मग ती स्प्रिंग नाही राहत, शेवई होते." त्या गाडीवर त्याचे सहा दिवस गेले, पण गाडी सुरक्षित खाली कशी आणायची हे त्याला हातांनी कळलं. पुढे हे आपल्या घरातच लागणार आहे हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

सहदेव राहायचा भटवाडीत, चाळीच्या तळमजल्यावर. बायको मालन आणि मुलगी सुलक्षणा. मालन म्हणजे चाळीचं अर्धं तोंड. नळावरचं भांडण मिटवायचं तर मालन, बारशाला पाळणा म्हणायचा तर मालन, कोणाच्या सुनेची बाजू घ्यायची तरी मालनच. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढायला ती स्टुलावर चढली, स्टूल लटपटलं आणि ती खुब्यावर आपटली. खुब्यात सळई घातली. दवाखान्यात नेताना चाळीतल्या चौघांनी उचलून टॅक्सीत घातलं. कोणाचा हात कुठे, पदर कुठे, आणि ती ओरडतेय. आणताना पुन्हा तेच. घरात आल्यावर तिने भिंतीकडे तोंड केलं आणि सांगून टाकलं, "आता चार जणांनी माका उचलूचा ता एकदाच. शेवटच्या दिसा."

बोलली तशी वागली. काठी घेऊन घरात फिरायला लागली, हळूहळू गल्लीच्या तोंडापर्यंत जायला लागली, पण त्यापुढे नाही. उजवा पाय फार वर जायचाच नाही. वाकायला डॉक्टरांनी बंदी घातलेली, म्हणजे आधी गाडीत बसून मग हाताने पाय आत ओढणंही गेलं. रिक्षात तर वाकूनच शिरावं लागतं आणि धक्के वेगळे. कोणी म्हणालं पाट ठेवा, लाकडी पायरी ठेवा. ठेवून बघितली. पायाखाली ठेवलेली वस्तू दिसली की मालनला ते स्टूल आठवायचं आणि तिचा पाय जो थरथरायला लागायचा, तो काही केल्या थांबत नसे. दीड वर्ष बाई गल्लीबाहेर पडली नाही.

आणि त्यात सुलक्षणाचं लग्न ठरलं. मुलगा बोरिवलीचा, टेलिफोन खात्यात. मे महिन्यात घाटकोपरला हॉल मिळेना, तेव्हा बोरिवलीचाच घ्यावा लागला. मालनने खुर्चीत बसून सगळं लग्न उभं केलं. साड्या चाळीत मागवून निवडल्या, रुखवताचे लाडू शेजारणींकडून वळवून घेतले, एकीचे लाडू मोठे झाले म्हणून परत वळायला लावले. आणि पत्रिका छापून आल्या त्या संध्याकाळी शांतपणे म्हणाली, "मी येऊचंय नाय हां. तुमी सगळी जावा. मी हयसून अक्षता टाकतलंय."

सुलक्षणा दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर थेट गाळ्यावर गेली. सहदेव ऐरणीपाशी होता.

"बाबा, सगळ्या मुंबईच्या गाड्या वर उचलता. आईसाठी एक गाडी खाली नाही घेता येत?"

सहदेवाने घण खाली ठेवला. दीड वर्ष तो बायकोच्या पायाचा विचार करत होता. गाडीचा विचार त्याच्या डोक्यातही आला नव्हता, आणि तो स्वतः कमानवाला! त्याला स्वतःची लाज वाटली आणि पोरीचा अभिमानही वाटला.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर त्याने मालनला खिडकीचा गज धरून भिंतीलगत उभं केलं आणि पाय उचल म्हणाला. जिथवर पाय गेला तिथे खडूची रेघ मारली. तीनदा उचलायला लावला, तीनदा रेघ तिथेच. जमिनीपासून दहा इंच.

"ह्या कित्याक?" मालनने विचारलं.

"धाकूची गाडी तुझ्या पायाच्या मापाची करतंय."

धाकू मालनचा धाकटा भाऊ, तिला तो बाय म्हणायचा. त्याची स्वतःची फियाट टॅक्सी होती, आणि नवरीचा मामा म्हणून नवरीला बोहल्यावर तोच आणणार होता. गाडीला तो लक्ष्मी म्हणायचा, रोज सकाळी उदबत्ती ओवाळायचा. सहदेवाने सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"भावोजी, पोट घासलं तर? साकीनाक्याचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत."

"घासणार नाही."

"आणि पुन्हा पूर्वीसारखी होईल ना?"

"होईल. तुझी एकही वस्तू मी कापणार नाही."

धाकूने गाडीच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग चावी काढून सहदेवाच्या हातात दिली. "बाय येत असेल तर न्या भावोजी. वाटेल ते करा."

पहिलं काम माप. सहदेवाने नेहमीप्रमाणे हाक मारली, वजनं आली, बसली, आणि लग्नाच्या सामानाचा भार म्हणून त्याने डिकीत जुने पाटे रचले. त्याने मागच्या दाराखालच्या काठाला पट्टी लावली. त्या काठाला तो गाडीचा उंबरठा म्हणायचा. साडेअकरा इंच. मालनचा पाय दहा. म्हणजे दीड इंच उतरवायचं. सहदेव खूश झाला. दीड इंच म्हणजे काहीच नाही, तीन म्हटलं असतं तर त्याने सख्ख्या बायकोलाही नाही म्हटलं असतं. गाडी खाली घ्यायची म्हणजे फक्त खाली घ्यायची नसते. खड्ड्यात चाक वर येतं तेव्हा ॲक्सल आणि वरचा रबरी ठोकळा यांच्यात जागा उरली पाहिजे. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे लागता कामा नये, ब्रेकचा पाइप ताणता कामा नये. हे सांभाळता येत नसेल तर गाडी आहे तशी बरी.

काम चार दिवस चाललं. पुढच्या स्प्रिंगा त्याने काढल्या आणि गोणपाटात बांधून छपराला टांगल्या, धाकूला परत द्यायला. कुर्ल्याच्या भंगारातून तशाच दोन शोधून आणल्या, टिचकी मारून आवाज ऐकला आणि अर्धा अर्धा वेढा कापला. ज्योत नाही, करवत. वर पाण्याची धार धरायची, म्हणजे पोलाद तापायचं नाही. एक स्प्रिंग कापायला अख्खी दुपार गेली, पाच पाती झिजली. मागच्या कमानीचे पाटे सुटे केले. खरं तर एक पाटा काढून टाकला असता तर गाडी तासाभरात खाली आली असती, फुकटात. पण मग राहिलेल्या पाट्यांवर सगळा भार आणि घाटात कधीतरी काडकन मोडणार. सहदेवाने सगळे पाटे ठेवले. जमिनीवर खडूने हवा तेवढा बाक काढला आणि एकेक पाटा थंडच ऐरणीवर घेऊन, अंदाजाने घण मारत, त्या रेघेवर आणून बसवला. दोन्ही बाजूंच्या कमानी शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटाव्यात. कमान ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट तेवढे नवे घेतले. जुना यू-बोल्ट पुन्हा लावायचा नाही हा सरदारजीचा धडा होता, तो त्याने मरेपर्यंत मोडला नाही.

मग तेवढाच भार भरून, वजनांना बसवून गाडी फिरवून आणली. एकेक खड्डा शोधून त्यात घातली. न्हावी म्हणाला, "सहदेवभाऊ, आमची हाडं तपासताय की गाडीची?" परत आल्यावर ॲक्सल आणि ठोकळ्याच्या मध्ये तीन बोटं आरामात गेली. शेवटी उंबरठ्याला पट्टी लावली. दहा. सहदेवाने चौघांना कटिंगऐवजी फुल चहा पाजला.

घरी येऊन मालनला म्हणाला, "दहा. एक सूत जास्त नाय."

दुपारी चाळ झोपली की मालन खिडकीचा गज धरून उभी राहायची आणि त्या खडूच्या रेघेपर्यंत पाय उचलायची. दहा वेळा, पंधरा वेळा. सोनूबाईने, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या अगडबंब बाईने, हे दारातून बघितलं होतं आणि सहदेवाच्या कानावर घातलं होतं. उजव्या कानावर. त्या रात्री सहदेवाला आनंदाने झोप लागली नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त बारा सतराचा. सुलक्षणा पाहुण्यांबरोबर मेटॅडोरने सहालाच पुढे गेली. जाताना आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "आये, मी वाट बघते." एवढंच. आठ वाजता धाकूने टॅक्सी धुऊनपुसून, झेंडूचा हार घालून गल्लीच्या तोंडाशी लावली. मागच्या सीटवर गोधडीची घडी घातलेली, म्हणजे खुब्याला खोल बसावं लागू नये. मालन हिरवी साडी नेसून, काठी टेकत आली. दीड वर्षाने बाई गल्लीबाहेर निघालीय म्हणून सगळी चाळ रस्त्यात. सहदेव नव्या पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये दार धरून उभा, नवरदेवापेक्षा जास्त ताठ.

मालनने दाराची चौकट धरली. पाय उचलला. चपलेचं टोक पत्र्याला आपटलं आणि चप्पल खाली पडली.

"अगो, घाई नको," धाकू म्हणाला.

तिने चप्पल काढूनच टाकली. अनवाणी पाय उचलला, दात ओठ खाऊन उचलला. बोटं उंबरठ्याच्या खालीच राहिली. तिसऱ्यांदा तिच्या कपाळावर घाम आला, पाय थरथरला आणि तिने तो खाली ठेवला.

"बाय, मी धरतंय तुका..."

"हात लावू नको!" मालन अशी ओरडली की धाकू दोन पावलं मागे गेला. मग आवाज उतरवून म्हणाली, "तू जा रे. मामा असस तू, पोरगी खोळंबात. मी घराक जातंय." आणि ती वळली.

सहदेवाने दार सोडलं. लग्नाच्या कपड्यांतसुद्धा त्याच्या खिशात पट्टी होतीच. तो खाली बसला आणि माप घेतलं. साडेअकरा. पुन्हा घेतलं. साडेअकरा! मग पोलादाने दगा दिला? थंड मारलेला बाक चार रात्रींत परत उठला? पस्तीस वर्षांत जे झालं नाही ते आज, इथे, हिच्यासमोर? त्याने कमानीकडे बघितलं, स्प्रिंगांकडे बघितलं. सगळं जागच्या जागी. मग त्याची नजर वर गेली, गाडीच्या आत. सीटवर गोधडी. बाकी कोणी नाही.

सहदेवाने स्वतःच्या कपाळावर थाडकन हात मारला.

"काय झाला?" धाकू घाबरला.

"मी गाढव! अरे गाढव कसला, गाढवाचा बाप! भरल्या गाडीचं माप घेतलं रे मी. ही चढताना गाडी रिकामी नाही का?"

आयुष्यभर ज्याने रिकामं माप घेणाऱ्यांना शिव्या घातल्या, त्याला एकदाच, नेमकं एकदाच, रिकामं माप हवं होतं. आणि सवयीने घात केला. पण सवयीनेच तो सावरलाही. तो उठला आणि चाळीकडे तोंड करून ओरडला, "वजनाला या रे! कोण येताय? गाडीत बसा, लवकर! मालन, दोन मिनिटं थांब. माझ्यासाठी थांब."

चाळीला आधी काही कळेना. मालन काठी टेकून पाठमोरी उभी राहिली, पण थांबली. पहिली पुढे आली सोनूबाई. "जन्मभर सगळे म्हणाले, सोनूबाई वजन कमी कर, सोनूबाई वजन कमी कर. आता घ्या!" म्हणत ती पुढच्या सीटवर बसली तशी गाडीने दीर्घ उसासा सोडला. सगळे हसले आणि मग काय, रांगच लागली. पुढे आणखी एक जण, मागे पलीकडच्या दाराने दोघं.

"पावणेअकरा!" सहदेव गुडघ्यांवर बसून ओरडला. "अजून!"

डिकी उघडली, कडेवर दोन बाप्ये बसले.

"सव्वादहा! दोन सूत राहिले! अरे अजून एक कोणीतरी!"

तेवढ्यात दूधवाला सायकल ढकलत आला. त्याला काय चाललंय विचारायची फुरसतही दिली नाही. किटल्यांसकट उचलून डिकीत कोंबला. पट्टीवर सहदेवाचा अंगठा सरकला आणि थांबला.

"दहा," तो हळूच म्हणाला. "कोणी हलू नका. मालन, ये."

मालन वळली. गाडीतून डोकी, कोपर, किटल्या बाहेर आलेल्या, आणि तिचा नवरा नव्या पांढऱ्या कपड्यांत गल्लीच्या मातीत गुडघे रोवून बसलेला, दोन्ही गुडघे काळे. ती हसेल की रडेल ते कोणाला कळेना. ती चिडली.

"कपड्यांची वाट लावलास मां? आता व्याही काय म्हणतील?" असं म्हणत ती आली. चौकट धरली. उजवा पाय उचलला. खिडकीशी उचलायची तसा, तेवढाच. पाय उंबरठ्यावरून आत गेला आणि टेकला.

तिने अंग फिरवलं, गोधडीवर टेकली आणि डावा पाय आत घेतला. कोणाचा हात नाही, कोणाचा खांदा नाही. चाळीने टाळ्यांचा जो कडकडाट केला, तो पार वरच्या टेकडीवर ऐकू गेला असेल. डिकीतला दूधवालासुद्धा टाळ्या वाजवत होता, का ते त्याला अजून कळलं नव्हतं.

मग एकेक जण उतरायला लागला. उतरला की गाडी सूत-दोन सूत वर. मालनने सीटला हात लावून बघितलं. "आयकलात? ही वर येता हा," ती म्हणाली, आणि दीड वर्षाने मोठ्याने हसली. सोनूबाई मात्र उतरलीच नाही. तिला लग्नाचं आमंत्रण होतं.

धाकूने गाडी काढली. साकीनाका, अंधेरी, मग हायवे. सहदेव पुढे सोनूबाई आणि दार यांच्यामध्ये चेंगरून बसला होता आणि उजवा कान खाली लावून होता. एकेका खड्ड्यात गाडी खाली जायची, तोलून वर यायची, घासल्याचा आवाज नाही. मालनचं तिकडे लक्षच नव्हतं. ती खिडकीतून बघत होती. जोगेश्वरीला नवीन इमारत दिसली, "ही कधी झाली?" गोरेगावला पाटी दिसली, ती मोठ्याने वाचली. कांदिवलीला दुधाची गाडी दिसली तर दूधवाल्याची आठवण काढून पुन्हा हसली. सहदेव मागे वळून वळून तिच्याकडे बघत होता. दीड वर्ष हिला चार भिंती दाखवल्या आपण, असं त्याला वाटत होतं, आणि वाईटही वाटत होतं.

हॉलच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा दहा वाजून गेले होते. सुलक्षणा नवरीच्या खोलीत खिडकीशी बसली होती. मुंडावळ्या बांधलेल्या, अर्ध्या बांगड्या भरलेल्या. झेंडूचा हार दिसला मात्र, बांगड्या भरणाऱ्या बाईचा हात सोडवून ती उठली आणि पायऱ्यांवर धावत आली. मागून करवल्या ओरडतायत, "अगं नवरीने बाहेर यायचं नसतं!"

दार उघडलं. मालनने काठी बाहेर टेकली. सुलक्षणा पुढे झेपावली आणि एका पायरीवर थांबली. आईचा स्वभाव तिला माहीत होता. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले. बघणाऱ्यांना वाटलं पोरगी लाजली.

मालनने डावा पाय खाली सोडला. टेकला. मग चौकट धरून, सावकाश, उजवा. उभी राहिली. पदर खांद्यावर सारखा केला, काठी नीट धरली आणि लेकीकडे वर बघितलं.

"काय बघतस? हिरव्या बांगड्या अर्ध्याच? चल आत, मी भरतंय उरलेल्यो."

सुलक्षणाने मान हलवली. दोघी पायऱ्यांशी आल्या. त्या सहा-सहा इंचाच्या होत्या. काठी आणि कठडा धरून मालन एकेक चढली, आणि सुलक्षणा तिच्या बाजूने, हात पाठीमागेच ठेवून, आत गेली.

धाकूने डिकीतून नारळाची पिशवी काढली, मामाची टोपी घातली आणि बघतो तर भावोजी गाडीच्या मागच्या चाकापाशी गुडघे टेकून, डोकं पार खाली घालून बसलेले.

"भावोजी? काय झाला? काय तुटला काय?"

"काय नाय तुटला," सहदेव खालूनच म्हणाला. "तू हो पुढे. मी येतंय."

भावोजींची पाठ गदगदून हलत होती. मग धाकू, लोकांना तिकडचं दिसू नये असा, गाडीला टेकून उभा राहिला.